जावाचे आभासी यंत्र बंद होताना : क्रम, नियम आणि मर्यादा

सुरतेच्या उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत खानदेशातून येऊन स्थिरावलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यांपैकी अनेकांचे पोट कृत्रिम धाग्याचे कापड विणणाऱ्या यंत्रमागांवर चालते. माग चालवणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो नीट थांबवणेही महत्त्वाचे, हे मागावर उभ्या राहणाऱ्या माणसाला लवकरच कळते. माग मध्येच थांबून पुन्हा सुरू झाला, की उभ्या धाग्यांचा ताण बदलतो, विणीची शेवटची ओळ जागेवरून किंचित सरकते आणि कापडावर आडवी रेघ उमटते. कापड तपासणारा त्या रेघेवरून माग कोठे थांबला होता ते सांगू शकतो.

संगणकाच्या प्रोग्रामचेही असेच आहे. तो कसा सुरू करावा, यावर भरपूर लिहिले जाते. तो बंद होताना काय घडते, अर्धवट राहिलेल्या कामाचे काय होते, हे मात्र बिघाड झाल्याशिवाय सहसा कोणी विचारत नाही. बँका, सरकारी खाती, विमा कंपन्या आणि व्यापारी पेढ्या यांच्या कामकाजात जावा ही भाषा अनेक वर्षे वापरात आहे. या भाषेचे प्रोग्राम ज्या आभासी यंत्रावर चालतात, ते बंद होण्याची पद्धत आणि तिच्या मर्यादा यांचा हा परिचय.

आभासी यंत्र म्हणजे काय

जावाची निर्मिती अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत झाली. जेम्स गॉस्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये काम सुरू केले तेव्हा भाषेचे नाव ‘ओक’ होते. १९९५ मध्ये ती ‘जावा’ या नावाने जगापुढे आली. २०१० मध्ये ओरॅकलने सन कंपनी विकत घेतली आणि जावाही तिच्याकडे गेली.

जावात लिहिलेला प्रोग्राम थेट संगणकाच्या प्रोसेसरसाठी तयार होत नाही. त्याचे आधी ‘बाइटकोड’ नावाच्या मधल्या भाषेत रूपांतर होते आणि जावा व्हर्च्युअल मशीन, म्हणजेच जेव्हीएम, तो बाइटकोड चालवते. विंडोज असो वा लिनक्स, प्रत्येक ठिकाणी त्या त्या प्रणालीसाठी बनवलेले जेव्हीएम असते. प्रोग्राम तोच राहतो. कॉटलिन आणि स्काला यांसारख्या नंतरच्या भाषाही याच यंत्राचा आधार घेतात. त्यामुळे पुढे दिलेले नियम त्या भाषांनाही बहुतांशी लागू पडतात.

या यंत्रात एकाच वेळी अनेक कामे चालू असतात. कामाच्या प्रत्येक स्वतंत्र प्रवाहाला ‘थ्रेड’ म्हणतात. हा शब्द मूळचा धाग्याचाच. थ्रेड दोन प्रकारचे असतात. साधा थ्रेड म्हणजे मुख्य काम करणारा. दुसरा ‘डीमन’ थ्रेड; तो पार्श्वभूमीवर सेवेचे काम करतो. मुख्य कामे संपली की डीमनसाठी यंत्र थांबून राहत नाही. पाहुणे निघून गेल्यावर मांडवातले दिवे मालवावेत, तसा हा प्रकार आहे.

बंद होण्याचे तीन मार्ग

जेव्हीएमची रीतसर बंद होण्याची प्रक्रिया तीन कारणांनी सुरू होते. पहिले कारण नैसर्गिक : शेवटचा साधा थ्रेड आपले काम पूर्ण करतो. दुसरे कारण प्रोग्रामच्या आतले : त्यातील एखादी ओळ ‘सिस्टिम एक्झिट’ ही आज्ञा देते. तिसरे बाहेरचे : कळफलकावरून ‘कंट्रोल-सी’ दाबले जाते, वापरकर्ता लॉग-आउट होतो, किंवा कार्यप्रणाली स्वतः बंद होताना प्रत्येक प्रोग्रामला आवरते घेण्याचा संदेश पाठवते. लिनक्सवर या संदेशाला ‘सिगटर्म’ म्हणतात आणि त्याचा क्रमांक १५ आहे.

यंत्र बंद झाल्यावर मागे एक आकडा राहतो. काम व्यवस्थित संपल्याची खूण म्हणजे शून्य. सिगटर्मने बंद झालेल्या जेव्हीएमचा आकडा १४३ असतो, म्हणजे १२८ अधिक १५. ‘कंट्रोल-सी’चा आकडा १३०. नोंदींमध्ये १३७ दिसला, तर तो १२८ अधिक ९ असतो. ९ हा ‘सिगकिल’ या संदेशाचा क्रमांक असून तो आल्यास प्रोग्रामला आवरण्याची संधी मिळालेली नसते. रात्रीतून सेवा का थांबली, याचा शोध बहुधा या आकड्यापासून सुरू होतो.

शटडाउन हुक : निरोपाची सोय

रीतसर बंद होताना काही आवराआवर करता यावी, यासाठी जावाच्या १.३ या आवृत्तीत, म्हणजे २००० साली, ‘शटडाउन हुक’ ही सोय आली. हुक म्हणजे तयार करून ठेवलेला, परंतु अद्याप सुरू न केलेला थ्रेड. प्रोग्राम चालू असताना तो यंत्राकडे नोंदवून ठेवायचा. बंद होण्याची प्रक्रिया सुरू झाली की यंत्र नोंदवलेले सगळे हुक चालवते, ते संपेपर्यंत थांबते आणि मग स्वतः थांबते.

ही सोय वापरताना पाच नियम लक्षात ठेवावे लागतात.

पहिला नियम क्रमाचा. अनेक हुक नोंदवले असतील, तर ते ठराविक क्रमाने चालत नाहीत. सगळे एकाच वेळी सुरू होतात. एका हुकाने डेटाबेसची जोडणी बंद केली आणि त्याच क्षणी दुसरा त्याच डेटाबेसमध्ये नोंद करू पाहत असेल, तर ती नोंद होईलच असे नाही. क्रम हवा असेल, तर एकच हुक नोंदवावा आणि सगळी कामे त्यात एकामागून एक लिहावीत.

दुसरा नियम वेळेचा. हुक झटपट संपला पाहिजे. तो अडकला, तर यंत्रही अडकते आणि बाहेरच्या कोणाला तरी ते जबरीने संपवावे लागते. हुकाने वापरकर्त्याला प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहू नये, कारण समोर कोणी असेलच असे नाही.

तिसरा नियम नोंदणीचा. बंद होण्यास सुरुवात झाल्यावर नवा हुक नोंदवता येत नाही आणि जुना काढताही येत नाही. तसा प्रयत्न केल्यास यंत्र चूक दाखवते.

चौथा नियम ‘एक्झिट’चा. हुकाच्या आतून पुन्हा ‘सिस्टिम एक्झिट’ म्हणू नये. ती आज्ञा हुक संपण्याची वाट पाहते आणि हुक त्या आज्ञेची. दोघेही कायमचे थांबून राहतात.

पाचवा नियम सहसा विसरला जातो. हुक चालू असताना बाकीचे थ्रेड थांबलेले नसतात. ते आपले काम करतच राहतात. हुक हिशेब मिटवत असताना दुसरा थ्रेड त्याच हिशेबात नवी रक्कम टाकत असू शकतो. शिवाय ‘सिस्टिम एक्झिट’ झाल्यावर प्रोग्राममधील ‘फायनली’ हे भाग, जे एरवी हमखास चालतात असे शिकवले जाते, ते चालतीलच याची खात्री नसते.

एक उदाहरण : मीटरची नोंद आणि मजुरी

सुरतेतील यंत्रमाग कामगारांची पाळी अनेक ठिकाणी बारा तासांची असते आणि मजुरी बहुधा विणलेल्या मीटरवर ठरते. समजा, एका कारखान्याने प्रत्येक मागाचे मीटर मोजणारा जावा प्रोग्राम बसवला. प्रोग्राम दर मिनिटाला मागावरील मोजणी वाचतो, ती संगणकाच्या स्मृतीत साठवतो आणि पाळी संपली की कामगाराच्या नावावर चढवतो. मध्येच प्रोग्राम बंद केला, तर साठलेले आकडे जतन व्हावेत म्हणून शटडाउन हुकही लावला आहे. हा प्रोग्राम काल्पनिक असला, तरी अशा रचनेचे प्रोग्राम सर्रास लिहिले जातात.

संध्याकाळी मालक संगणक रीतसर बंद करतो. कार्यप्रणाली संदेश पाठवते, हुक चालतो, आकडे वाचतात. असे महिनोन् महिने चालते आणि व्यवस्था भक्कम आहे असे सर्वांना वाटू लागते.

या कारखान्यातला हुक चांगला लिहायचा झाल्यास क्रम असा असावा. आधी मागांकडून नवी मोजणी घेणे थांबवावे. मग हातातील काम पूर्ण होऊ द्यावे. त्यानंतर स्मृतीतील शिल्लक आकडे डेटाबेसमध्ये लिहावेत. मग डेटाबेसची जोडणी सोडावी. नोंदवही, म्हणजे लॉग, सर्वांत शेवटी मिटावी. या शेवटच्या पायरीत एक खोच आहे. लॉग लिहिणाऱ्या काही तयार संचांचे स्वतःचे हुक असतात आणि ते आपल्या हुकाबरोबरच चालतात. म्हणजे जेव्हा नोंद सर्वाधिक हवी, नेमक्या त्याच वेळी नोंदवही आधीच मिटलेली असू शकते. त्या संचाचा स्वतःचा हुक बंद करून ते काम आपल्या क्रमात घेणे हा त्यावरचा उपाय.

‘हातातील काम पूर्ण होऊ द्यावे’ यासाठी जावात तीन टप्प्यांची प्रथा आहे. कामे वाटणाऱ्या यंत्रणेला आधी ‘शटडाउन’ सांगितले जाते. तेव्हापासून नवे काम स्वीकारले जात नाही. मग ‘अवेट टर्मिनेशन’ने ठराविक मुदतीपर्यंत वाट पाहिली जाते. तरीही काही उरले, तर ‘शटडाउन नाउ’ म्हटले जाते. हे शेवटचे नाव ऐकायला कठोर असले, तरी ती प्रत्यक्षात विनंतीच आहे. थ्रेडला थांबण्याची खूण केली जाते. त्याने त्या खुणेकडे लक्ष दिले नाही, तर तो चालूच राहतो.

मुदत किती

पूर्वी एक प्रोग्राम एका संगणकावर महिनोन् महिने चालत असे आणि बंद होणे ही क्वचितची घटना होती. आता मोठ्या सेवा ‘कंटेनर’मध्ये चालतात. नवी आवृत्ती आली, भार कमी झाला किंवा संगणक बदलला, की जुना कंटेनर बंद करून नवा सुरू केला जातो. त्यामुळे बंद होणे हा रोजचा व्यवहार झाला आहे.

कंटेनर सांभाळणाऱ्या ‘कुबरनेटिस’ या प्रणालीत बंद होण्यासाठी मुळात ३० सेकंदांची मुदत असते. आधी सिगटर्म जातो. मुदत संपेपर्यंत प्रोग्राम थांबला नाही, तर सिगकिल येतो. ‘डॉकर’मध्ये हीच मुदत मुळात १० सेकंद आहे. दोन्ही आकडे गरजेनुसार वाढवता येतात, पण ते वाढवायचे आहेत हे कोणाच्या तरी लक्षात यावे लागते. हुकाला ४० सेकंद लागत असतील आणि मुदत ३० चीच असेल, तर हुक लिहूनही शेवटचे काम अपुरे राहते.

येथे आणखी एक फसगत होते. कंटेनरमध्ये जेव्हीएम थेट सुरू न करता एखाद्या शेल-लिपीतून सुरू केले, तर सिगटर्म त्या शेलला मिळतो आणि शेल तो पुढे पाठवेलच असे नाही. जेव्हीएमला काहीच कळत नाही, मुदत टळते आणि ते मारले जाते. उंबऱ्यावर आलेला निरोप घरात न पोहोचावा, तशी ही गत. लिपीत ‘एक्झेक’ हा शब्द वापरून शेलची जागा जेव्हीएमला दिली, की संदेश नेमक्या जागी पोहोचतो.

हुक जेव्हा चालतच नाही

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वर सांगितलेली सारी व्यवस्था ‘आपण बंद होत आहोत’ हे यंत्राला कळले तरच उपयोगी पडते. ते कळत नाही, असे प्रसंग ठरलेले आहेत. सिगकिल आला किंवा विंडोजच्या टास्क मॅनेजरमधून प्रक्रिया जबरीने संपवली, तर हुक चालत नाही. प्रोग्रामने ‘हॉल्ट’ ही आज्ञा दिली, तरीही चालत नाही. ती आज्ञा त्यासाठीच आहे. जेव्हीएमच्या आतील मूळ भाषेतील भाग कोसळला, तर हुक चालण्याची हमी नसते. आणि वीज गेली, तर काहीच चालत नाही.

सुरतेला यापेक्षाही मोठा अनुभव आहे. ऑगस्ट २००६ मध्ये तापी नदीवरील उकाई धरणातून प्रचंड पाणी सोडावे लागले आणि शहराचा मोठा भाग दिवसचे दिवस पाण्याखाली राहिला. धरण शहरापासून सुमारे शंभर किलोमीटर वर आहे. अशा वेळी कोणी कारखान्यातला संगणक रीतसर बंद करायला जात नाही. गोव्यातही पावसाळ्यात वादळी वाऱ्याने वीज जाणे नवे नाही आणि प्रत्येक कार्यालयातील बॅटरी वेळेवर साथ देतेच असेही नाही.

आपल्या काल्पनिक कारखान्यात सकाळी सातला सुरू झालेल्या पाळीत संध्याकाळी सहाला वीज गेली, असे समजू. अकरा तासांचे मीटर स्मृतीत होते. ते पुसले गेले. कापड विणलेले आहे, गुंडाळीवर दिसतेही आहे. पण ते कोणत्या मागावर, कोणाच्या हातून, किती झाले याची नोंद नाही. हुक लिहिणाऱ्याने त्यात एकही चूक केलेली नव्हती. त्याची चूक एवढीच, की महत्त्वाची नोंद त्याने शेवटच्या क्षणावर सोपवली. त्या चुकीची किंमत कामगाराच्या पगारातून जाते.

रोजकीर्द आणि खतावणी

यावरचा उपाय जुन्या पेढीवरच्या मुनिमाला ठाऊक होता. व्यवहार घडला, की तो आधी रोजकीर्दीत उतरे. खतावणीत खात्यावर चढवणे नंतर सवडीने होई. मध्येच काही अडले, तर रोजकीर्दीवरून खतावणी पुन्हा उभी करता येई. आजचे डेटाबेस हेच करतात. कोणताही बदल मुख्य कोष्टकात करण्याआधी तो एका आगाऊ नोंदवहीत लिहिला जातो. अचानक बंद पडून पुन्हा सुरू झाल्यावर डेटाबेस ती वही वाचतो, पूर्ण झालेले व्यवहार ग्राह्य धरतो आणि अर्धवट राहिलेले रद्द करतो.

मात्र ‘लिहिले’ या शब्दाचे तीन अर्थ आहेत. प्रोग्रामच्या स्वतःच्या साठ्यात असलेला मजकूर बोटांवर मोजलेल्या हिशेबासारखा असतो. प्रक्रिया मारली गेली की तो जातो. तेथून तो कार्यप्रणालीकडे गेला, की कच्च्या वहीत उतरला असे समजावे. प्रक्रिया मेली तरी तो राहतो, पण वीज गेली तर जाऊ शकतो. प्रत्यक्ष डिस्कवर पोहोचला, तरच तो पक्का. जावात फाइलबाबत ही शेवटची खात्री ‘फोर्स’ या आज्ञेने मागता येते आणि डेटाबेसमध्ये व्यवहार पूर्ण करणारी ‘कमिट’ ही आज्ञा सर्वसाधारण मांडणीत तीच खात्री देते.

कारखान्याने दर मिनिटाची मोजणी दर मिनिटाला ‘कमिट’ केली असती, तर वीज गेल्याने फार तर एका मिनिटाचे मीटर बुडाले असते. पुन्हा सुरू झाल्यावर तीच मोजणी दोनदा चढू नये, म्हणून प्रत्येक नोंदीला मागाचा क्रमांक आणि वेळ मिळून एक ओळख द्यावी लागते. ओळख आधीच असेल, तर नोंद पुन्हा होत नाही. एवढे केले, की हुकाचे काम हलके होते. तो चालला तर उत्तम. न चालला तरी कोणाचा पगार बुडत नाही.

हा विचार टोकाला नेऊन जॉर्ज कँडिया आणि अरमांडो फॉक्स या संशोधकांनी २००३ मध्ये ‘क्रॅश-ओन्ली’ सॉफ्टवेअरची कल्पना मांडली. बंद करण्याची वेगळी, सभ्य पद्धत ठेवूच नये; कोसळणे हीच बंद होण्याची एकमेव पद्धत मानावी आणि त्यातून सावरणे हीच सुरू होण्याची पद्धत असावी, असे त्यांचे म्हणणे. प्रत्येक प्रणालीला हे टोक गाठण्याची गरज नाही. चालू ग्राहकाला मध्येच तोडू नये, यासाठी सभ्य निरोपाचे मोल आहेच. परंतु जे जपायचे आहे, ते त्या निरोपाच्या भरवशावर ठेवू नये.

संस्थांनी काय विचारावे

गोव्यातील पतसंस्था, दवाखाने, पंचायती किंवा दुकाने सॉफ्टवेअर घेतात तेव्हा पडद्यावरील सोयी पाहिल्या जातात. त्याबरोबर चार प्रश्न विचारण्यास तांत्रिक शिक्षणाची गरज नाही. नोंद केल्यापासून ती डिस्कवर पक्की होईपर्यंत किती वेळ जातो? बंद करण्याची आज्ञा दिल्यावर प्रोग्रामला किती सेकंद लागतात आणि तेवढी मुदत त्याला दिलेली आहे का? अचानक बंद पडून पुन्हा सुरू झाल्यावर अर्धवट व्यवहारांचे काय होते? आणि हे कधी करून पाहिले आहे का?

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. चाचणीसाठी ठेवलेल्या संगणकावर, खऱ्या नोंदींच्या प्रतीवर, काम ऐन रंगात असताना विजेची तार काढून पाहावी. मग संगणक सुरू करून शेवटच्या दहा नोंदी कागदाशी ताडून पाहाव्यात. हुक किती सुबकपणे लिहिला आहे, हे त्यातून कळणार नाही. पण कोणाची पावती, कोणाचा हप्ता, कोणाची मजुरी मागे राहिली का, ते अर्ध्या तासात कळेल.